घर क्रमांक सातची वारस

रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या वेळी आमच्या इमारतीच्या सचिवांनी जिन्याखालच्या ऑफिसात, समितीच्या तीन सदस्यांच्या देखत, माझा अर्ज माझ्या हातात परत दिला. अर्ज साधा होता. माझ्या पश्चात घर क्रमांक सात कोणाच्या नावे व्हावे, ते मी लिहून दिले होते.

सचिव म्हणाले, "मॅडम, तुम्ही जिचं नाव दिलंय, त्या बाई विवाहित आहेत. यांचे मिस्टर इथेच दुसऱ्या मजल्यावर राहतात. एकाच इमारतीत नवरा-बायकोची दोन घरं म्हणजे कसं दिसतं ते? मिस्टरांचं संमतिपत्र आणा, मग बघू."

मी विचारले, "आणि घटस्फोट झाला तर?"

"मग प्रश्नच मिटला. एकट्या बाईला घर द्यायचं नाही, असा आपला नियमच आहे."

एवढे बोलून त्यांनी चहा संपवला आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली.

म्हणून मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सोफे आणि खुर्च्या भरण्याच्या कारखान्याची निवृत्त मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दाब आहे तो रक्ताचा, आणि त्यावर गोळी चालू आहे. मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. येत्या २२ एप्रिलला ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." ज्यांच्या बाबतीत खरोखर काही कारण नसते त्यांना हे वाक्य कोणी ऐकवत नाही, एवढे मला कळते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी, विशेषतः माझा भाऊ, सांगू लागल्यास ते खोटे समजावे.

कलम १. घर.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गल्लीकडे उघडणारी अरुंद गॅलरी. हे घर मी माझ्या कमाईतून घेतले. यात वडिलांचा, भावाचा किंवा पतीचा एक खिळाही नाही. हे घर, आतल्या सामानासकट, मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला देत आहे. मी तिला औषधवाली म्हणते. ती म्हणते, "मावशी, माझ्याकडे पदवी आहे हो." मी म्हणते, "म्हणून तर औषधवाली म्हणते. पदवी नसती तर गोळीवाली म्हटलं असतं." गेल्या एकोणीस महिन्यांपासून ती माझ्याकडे राहते. वय चौतीस.

अर्जात 'वारसाशी नाते' असा रकाना होता. तिचे-माझे रक्ताचे किंवा लग्नाचे काही नाते नाही. मी तिथे 'धरणारी' असे लिहिले. सचिवांनी त्याखाली लाल रेघ मारली. हा शब्द का लिहिला ते कलम ३ मध्ये येईल. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी माझे मृत्युपत्र वाचायला घेऊ नये.

कलम २. मी स्वतः कोण, याचा खुलासा.

मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टर्सचे लग्न थेट देवाशी झालेले होते, तरी पट्टीने त्या असे मारत की हातावर इंचाच्या खुणा मोजता याव्यात. तरीही त्यांचा एक गुण सांगितला पाहिजे. मारले की त्या म्हणत, "मी तुला मारलं." जिन्यात पडलीस असे त्यांनी कधी सांगितले नाही.

तेविसाव्या वर्षी माझे लग्न झाले. माझ्या पतींनी मला तीन वर्षे मारले. ते दारू पीत नव्हते. नातेवाइकांना याचे फार वाईट वाटे, कारण मग दोष कशाला द्यायचा तेच कळेना. सासूबाई म्हणत, "हात जरा उठतो, पण मनानं चांगला आहे." त्यांच्या मनाचा मला उपयोग नव्हता. माझा रोजचा संबंध हाताशी येत होता.

तीन वर्षांनी मी एक पिशवी घेऊन वडिलांकडे आले. कारखान्याच्या वरच तेव्हा आमचे घर होते. भाऊ जिन्यातच भेटला. म्हणाला, "लग्न झालेली बहीण घरात ठेवून मी लोकांना काय सांगू?"

मी म्हटले, "सांग, बहीण आहे."

त्याने माझ्या थोबाडीत मारली. पतींचा हात उजवा होता. भाऊ डावखुरा आहे. मला एवढाच फरक जाणवला. खाली वडील खुर्चीला कापड लावत होते. त्यांनी हातोडी थांबवली, पण काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कारखान्याची दुसरी किल्ली माझ्यापुढे ठेवली. बोलायला हवे होते असे मला आजही वाटते. पण तोंडच्या दोन शब्दांपेक्षा किल्ली जास्त दिवस टिकली.

नंतर मी हे घर घेतले. इमारतीच्या वहीत माझी नोंद 'पतीपासून विभक्त' अशी झाली. त्यानंतर तीस वर्षे मला जिन्यात वाट दिली जायची, पण ती रस्त्यावरच्या ओल्या रंगाला देतात तशी. बारा वर्षांपूर्वी समितीने तो नियम केला: 'एकट्या स्त्रीस, म्हणजे अविवाहित, विभक्त अगर घटस्फोटित, घर विकू अगर भाड्याने देऊ नये. विधवा वगळून.' मी आधीपासून राहत असल्यामुळे मला काढता आले नाही. सचिव म्हणाले होते, "तुमचं काय मॅडम, तुम्ही जुन्या आहात."

सहा वर्षांपूर्वी माझे पती वारले. त्यांचे तोंड मी एकोणचाळीस वर्षे पाहिले नव्हते. बातमी कळली आणि सगळी इमारत माझ्या घरी सांत्वनाला आली. सचिवांनी वहीतला 'विभक्त' शब्द खोडून तिथे 'विधवा' लिहिले, तेही हिरव्या शाईने. तेव्हापासून लिफ्टचे दार माझ्यासाठी धरून ठेवतात. जिवंतपणी त्या गृहस्थांनी मला जे दिले ते डॉक्टरांकडे दाखवावे लागले. प्रतिष्ठा मात्र त्यांनी मेल्यावर दिली. औषधवालीनेही याच मार्गाने जावे अशी समितीची सूचना असल्यास ती तशी लेखी द्यावी.

हिशेब सरळ आहे. बायको होते तेव्हा नवऱ्याने मारले. बायको राहिले नाही तेव्हा भावाने मारले. एकटी राहू लागले त्या दिवसापासून आजपर्यंत मला कोणी बोट लावलेले नाही, आणि समितीच्या मते धोक्याची अवस्था ती हीच. सगळ्याच एकट्या बायकांचे असे होत नाही, हे मलाही माहीत आहे. त्याबद्दल कलम ४ मध्ये.

कलम ३. औषधवाली माझ्याकडे कशी आली.

तिचा नवरा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे. अर्ध्या इमारतीला त्याने शिकवले. मलाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी. चढावर माझी गाडी मागे घसरू लागली तेव्हा म्हणाला, "काकू, घाबरू नका, माझा पाय ब्रेकवर आहे." इतका शांत मास्तर मी पाहिलेला नाही. समितीतले पाचपैकी चार जण त्याचेच विद्यार्थी. त्याचा पाय कायम ब्रेकवरच असतो, असा त्यांचा ठाम विश्वास आहे.

त्यांचे घर बरोबर माझ्या डोक्यावर. छतातून काय येते ते मला ऐकू येई. मी लेखी तक्रार केली: 'दुसऱ्या मजल्यावरून मारहाणीचा आवाज येतो.' सभेत या वाक्यावर घमासान झाले. एक सदस्य म्हणाले, "मारहाण कसली? नवरा-बायको आहेत ते." दुसरे म्हणाले, "आवाज येतो हे बरोबर आहे, मलाही येतो. आपण आवाजापुरतं बोलू." शेवटी ठराव असा झाला: 'दुसऱ्या मजल्यावरील फर्निचर सरकवण्याच्या आवाजामुळे रहिवाशांना होणारा त्रास.' उपायही ठरला. फर्निचरच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात. हे काम येणारी इमारतीत मी एकटी. सचिव म्हणाले, "मॅडम, तुमचा हात लागला म्हणजे बघायलाच नको."

शनिवारी सकाळी मी चकत्या आणि गोंद घेऊन वर गेले. तो शिकवायला बाहेर पडला होता. दार औषधवालीने उघडले. मी कपाट तिरके केले, तिने धरले. कपाटाच्या चारही पायांभोवती रंगाचे जुने ओघळ वाळून फरशीला चिकटले होते. पाय उचलल्यावर ते तडतड तुटले. ते घर रंगवून तेव्हा सहा वर्षे झाली होती. पलंगाचे तेच, टेबलाचे तेच. मी तरीही प्रत्येक पायाला चकती लावली, कारण घेतलेले काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

खाली येऊन सचिवांना सांगितले, "त्या घरातली एकही वस्तू सहा वर्षांत जागची हललेली नाही."

"वा! आणि आता तर चकत्याही आहेत."

"अहो, चाळीस वर्षं फर्निचर हाताळतेय मी. कपाट सरकताना रडत नाही."

"मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता," सचिव म्हणाले.

त्या सकाळी एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. औषधवाली वस्तू उत्तम धरते. आमच्या धंद्यात याला फार किंमत आहे. कापड ताणून बसवायचे तर एकाने धरावे आणि दुसऱ्याने ठोकावे लागते. धरणाऱ्याने जरा ढील दिली की सहा महिन्यांत बैठकीवर सुरकुत्या येतात. कारखाना बंद केल्यावरही मी घरी एखाददुसरी खुर्ची भरत असे, आणि धरायला कोणी नव्हते. पुढच्या आठवड्यात मी वर गेले आणि त्यालाच सांगितले, "तुझ्या बायकोला रोज संध्याकाळी तासभर पाठव."

"काकू, एखादा माणूस ठेवा ना."

"ठेवून पाहिला. त्याला ताण कळत नाही."

जुन्या विद्यार्थिनीला तो नाही म्हणू शकला नाही. त्याला सगळ्यांकडून भला म्हणवून घ्यायचे असते.

ती रोज येऊ लागली. दोन महिने ती काही बोलली नाही आणि मी काही विचारले नाही. आमच्या कामात बारीक खिळे ओठांत धरावे लागतात. खिळे तोंडात असलेल्या माणसाला चौकशा करता येत नाहीत, ही या धंद्यातली मोठी सोय आहे. मग एका संध्याकाळी कापड धरल्या-धरल्या तीच म्हणाली, "मावशी, दुकानात मला मलम सवलतीत मिळतं. काल मालक विचारत होते, एवढं मुक्या माराचं मलम लागतं कोणाला?"

मी तोंडातले खिळे काढले. "मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, सासूबाईंचे गुडघे."

"तुझी सासू आहे कुठे?"

"वारल्या. चार वर्षं झाली."

आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, पण हसलो, आणि हसताना तिने कापड सोडले नाही. त्या दिवशी ती वर गेली नाही. तिच्यासाठी मी काय केले असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच की मी तिच्याकडून काम करून घेतले. तिला पूर्ण ताकद लावून काहीतरी धरू देणारे त्या इमारतीत दुसरे घर नव्हते.

आता ९ मार्चकडे येते. अर्ज परत मिळाला त्याच संध्याकाळी तिचा नवरा माझ्या दारात उभा राहिला. हातात कागद होता. म्हणाला, "काकू, सचिवांनी सांगितलं, माझी संमती हवी आहे. मी कुठे नाही म्हणतोय? आत्ता सही करतो. तिला म्हणावं, आज वर ये. झालं गेलं विसरू."

औषधवाली आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली. तिचा चेहरा मला आवडला नाही. ती विचार करत होती. म्हणाली, "मावशी, घर माझ्यापायी अडकण्यापेक्षा मी वर..."

मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. त्याला म्हटले, "तुझी सही तुझ्या लायसन्सवर ठेव," आणि दार लावून घेतले. पण ते वाक्य तिच्या मनात आहे, आणि ते तिथे समितीने घातले आहे. समिती म्हणते आम्ही कोणाच्या संसारात पडत नाही. जिच्या डोक्यावरचे छप्पर मारणाऱ्याच्या सहीवर टांगले, तिच्या संसारात याहून खोल कसे पडतात ते मला माहीत नाही.

कलम ४. हत्यारे.

माझी शिलाईची मोठी मशीन, तीन कात्र्या, वाकड्या सुयांचा डबा, दोन हातोड्या आणि पट्टे ताणायचे लाकडी हत्यार, हे सर्व माझ्या शिलाईवालीला द्यावे. बावीस वर्षे तिने माझ्याकडे गाद्यांची कव्हरे शिवली. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कापल्यास मी जिथे असेन तिथून मला कळेल.

शिलाईवाली एका माणसाबरोबर लग्न न करता राहत होती. त्याने तिचे मनगट मोडले. मी तिच्याबरोबर चौकीत गेले. टेबलामागचे साहेब म्हणाले, "लग्न कधी झालं?"

"नाही झालं."

"मग सोडून द्या की. तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय? यात घरगुती काय आहे?"

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी औषधवालीला घेऊन मी त्याच चौकीत, त्याच टेबलापुढे गेले. साहेब दुसरे होते. म्हणाले, "लग्न झालंय ना? मग असं सोडून कसं चालेल? घरगुती आहे, घरात मिटवा."

म्हणजे लग्न नसेल तर ते घरगुती नाही म्हणून नोंद नाही, आणि लग्न असेल तर ते घरगुती आहे म्हणून नोंद नाही. मनगट लग्न असो वा नसो, एकाच ठिकाणी मोडते. दोन्ही वेळा मी एकाच खुर्चीत बसले होते. तिचे रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता, आणि मधल्या वर्षांत कोणी टाकासुद्धा घातला नव्हता. ती खुर्ची शिलाईवालीने माझ्या खर्चाने भरून द्यावी. पुढच्या बाईला निदान बसायला तरी नीट मिळेल.

कलम ५. धाकटी बहीण आणि मेहुणे.

माझा तीन जणांचा हिरवा सोफा त्यांना द्यावा. त्यांच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. मेहुणे घोरतात, चष्मा हरवतात, आणि एकच विनोद दर भेटीत सांगतात. हात कधी उचललेला नाही. त्यात उपकार काही नाही, तरी नोंद असावी, म्हणजे मी लग्न या गोष्टीच्या विरुद्ध आहे असे कोणी म्हणायला नको. बहीण एकदा म्हणाली, "ताई, माझं नशीब चांगलं." मी म्हटले, "नशीब नाही गं. सभ्य माणूस आहे तो. त्याचं श्रेय नशिबाला देऊ नकोस, बिचाऱ्याकडे दुसरं काही नाही." मेहुणे यावर सर्वांत मोठ्याने हसले.

कलम ६. भाऊ.

भावाला माझी बिनगादीची, सरळ पाठीची लाकडी खुर्ची द्यावी. आयुष्यभर मी परक्यांच्या बसण्याची सोय केली. त्याची मी करणार नाही. 'घर भाच्याला मिळायला हवं, रक्ताचं आहे' असे तो गेली दहा वर्षे सांगत आला आहे. भाचा चांगला मुलगा आहे, त्याला स्वतःचे घर आहे, आणि त्याने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. त्याच्या बापाने मात्र मला मारल्याचे आजवर कबूल केलेले नाही. मागच्या वर्षी विचारले तेव्हा म्हणाला, "तेव्हा तू लग्न झालेली होतीस, तुला परत पाठवणं माझं कर्तव्य होतं." कर्तव्याची पाच बोटे माझ्या गालावर दोन दिवस होती.

कलम ७. बँकेतली ठेव.

शस्त्रक्रियेचा खर्च जाऊन जे उरेल ते औषधवालीचे. समितीने घराची नोंद नाकारल्यास त्यातून आधी वकील करावा. चांगला करावा; स्वस्तातला वकील आणि स्वस्तातला फोम, दोन्ही ऐन वेळी खाली बसतात.

कलम ८. घर कोणत्या अटीवर दिले.

कोणत्याही नाही. औषधवालीने घटस्फोट घेतला, न घेतला, दुसरे लग्न केले, लग्नाशिवाय कोणाबरोबर राहिली, जन्मभर एकटी राहिली, तरी घर तिचेच. आणि ती वर, त्याच्याकडे, परत गेली तरीही घर तिचेच. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, हे मी लपवत नाही. वकील म्हणाले, "मॅडम, इथे एक अट घाला, परत गेली तर घर बहिणीला." मी नको म्हटले. बाई एकदा निघाली की निघाली, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी पिशवी भरलेली नाही. मी स्वतः दोनदा अर्ध्या रस्त्यातून माघारी गेले होते. परत गेलेल्या बाईलाच तर पुन्हा निघाल्यावर पोचायला जागा लागते. किल्ली तिच्याजवळ राहावी आणि ती कोणी मागू नये.

घर तिने विकू नये अशीही अट नाही. पण विकल्यास गाडी शिकवणाऱ्याला विकू नये, ही विनंती.

कलम ९. माझ्या निधनाची बातमी.

वर्तमानपत्रात द्यायची असल्यास मी कोणाची कन्या, कोणाची पत्नी हे छापू नये. 'यांनी चाळीस वर्षे सोफे आणि खुर्च्या भरल्या' एवढे पुरे. पतींचे नाव आल्यास बातमीचे पैसे देऊ नयेत.

कलम १०. अंमलबजावणी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी करावी. त्यांनी हो म्हटले आहे. औषधवालीचा पुढचा दात त्यांनीच बसवला, आणि तो कसा तुटला हे त्यांनी इमारतीतल्या इतरांसारखे जिन्यावर ढकलले नाही, तिला विचारले. माझ्या माघारी जे कोणी या कागदाविरुद्ध दावा करतील, त्यांनी दंतवैद्यबाईंशी बोलताना तोंड जपून उघडावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे, माझा आहे, आणि त्यातला एकही शब्द सौम्य करण्याची कोणाला परवानगी नाही.

सही: घर क्रमांक सातची मालकीण
ठिकाण: घर क्रमांक सात, पहिला मजला
दिनांक: ३० मार्च २०२५, रविवार

आम्हां दोघांसमक्ष बाईंनी शुद्धीत आणि बऱ्याच रागात सही केली. आम्हांला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.
साक्षीदार पहिले: बाईंचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: मेहुण्यांचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर (सही)

प्रत रवाना: सचिव आणि समितीचे सर्व सदस्य.

आपणांस ही प्रत माझ्या हयातीत देत आहे, कारण मेलेल्या बाईला 'बघू' म्हणणे फार सोपे जाते. औषधवालीचे नाव घर क्रमांक सातची वारस म्हणून, कोणाच्याही संमतिपत्राशिवाय, वहीत नोंदवले असल्याचे पत्र द्यावे. नोंदवणार नसाल तर नकार लेखी द्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावे की बाई अविवाहित, विवाहित, विभक्त, घटस्फोटित किंवा विधवा, यांपैकी नेमकी कोण असली म्हणजे या इमारतीत तिला मारणे हे मारणे मानले जाते, आणि कोण असली म्हणजे तिला इथे राहता येते. दोन्ही प्रश्नांना ज्या बाईच्या बाबतीत तुमचे उत्तर 'हो' येते, अशी एखादी सापडल्यास तिचा घर क्रमांकही कळवावा.

उत्तर सर्व सदस्यांच्या सह्यांनिशी, मंगळवार, दिनांक १५ एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत घर क्रमांक सातमध्ये आणून द्यावे. माझ्या हातात देण्याचा आग्रह धरू नये. दार ती उघडेल.